मदत हवी आहे : 'एक्झिबिट'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी, एका संग्रहालयाच्या इंग्रजी माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय आणि 'एक्झिबिट' या शब्दापाशी अडलेय.

'एक्झिबिशन' म्हणजे प्रदर्शन, त्यात शंका नाही. पण ब्रिटिश इंग्रजीत 'एक्झिबिट' म्हणजे मांडलेली एकेक वस्तू. अमेरिकन इंग्रजीत मात्र अख्ख्या प्रदर्शनालाही सर्रास तेच म्हणतात. माझ्यासमोरचं वाक्य आहे, 'द एक्झिबिट इज क्लोज्ड टुडे'. आता बंद काय, एक काचपेटी की सगळं दालन? पत्रकात दोन्ही अर्थ मिसळलेत, त्यामुळे जास्तच पंचाईत.

वस्तूसाठी 'प्रदर्शित वस्तू' बरोबर आहे, पण फलकावर लांबलचक होतं, शिवाय दर ओळीत तेच येतं. 'नमुना' म्हणावं तर अस्सल मूर्तीला ते अजिबात शोभत नाही. कोर्टातल्या 'एक्झिबिट'ला 'निशाणी' हा किती सुटसुटीत शब्द आहे! तसा इथे हवाय. (रोग्याने लक्षणं 'एक्झिबिट' केली, तिथे सरळ 'लक्षणं दिसली'. ते सोपं.)

अजून एक. 'मेकिंग ॲन एक्झिबिशन ऑफ वनसेल्फ' म्हणजे चारचौघांत नको ते वागून स्वतःचं हसं करून घेणं, असा अर्थ मी लावते. 'तमाशा करणं' जास्त जवळचं वाटतं का? मला त्यात भांडणाची छटा जास्त जाणवते.

संग्रहालयात किंवा अनुवादात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा, वस्तूशेजारच्या पाटीवर तुम्ही कोणता शब्द वापरता? वापरातलं एखादं वाक्यही दिलंत तर फार मदत होईल.