शब्दचर्चा: कंपवात, कापरं आणि इसेन्शियल ट्रेमर

चष्मिष्ट: आत्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'इसेन्शियल ट्रेमर' लिहिलंय आणि तेव्हापासून घरात सगळे 'कंपवात झाला, कंपवात झाला' करत बसलेत, काकूने तर तिला विळीवर बसायचीच बंदी केलीय. कंपवात म्हणजे पार्किन्सन ना? मग ह्याला मराठीत काय म्हणायचं? ट्रान्सलेट करून पाहिलं तर 'आवश्यक हादरा' आलं.

रिकामटेकडा: भूकंप खात्याला कळवा 😂

मिरजकर: इसेन्शियल म्हणजे इथे गरजेचं नव्हे. डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ 'दुसऱ्या कुठल्या आजारापायी न आलेला, आपला आपणच आलेला'. बीपीवाल्यांच्या पेपरवर इसेन्शियल हायपरटेन्शन असतं ते असंच.

फिजिओताई: आपल्याकडे हात हलला की सरसकट कंपवात म्हणतात आणि माणूस नाहक धास्तावतो. शब्द राहूद्या बाजूला, आधी आत्यांचा हात कधी कापतो ते बघा. आमटीचा चमचा तोंडाकडे नेताना, सुईत दोरा ओवताना, बँकेत सही करताना कापतो, कपबशी हातात दिली की खडखड वाजते, पण हात मांडीवर टाकून टीव्ही बघत बसल्या की गप्प, असं असेल तर ती इसेन्शियलची खूण. पार्किन्सनमध्ये बहुतेक उलटं, निवांत ठेवलेला हातच हलतो, अंगठा नि बोट गोळी वळल्यागत फिरत राहतात आणि पेला उचलायला गेलं की कंप जरा कमी होतो. शिवाय तो एका बाजूने सुरू होतो, हालचाल मंदावते, अंग ताठरतं, चालताना त्या बाजूचा हात हलत नाही. अक्षरावरूनपण कळतं, पार्किन्सनमध्ये ओळ पुढे जाईल तसं बारीक होत जातं, इसेन्शियलमध्ये मोठं आणि वेडंवाकडं येतं, म्हणून तर डॉक्टर कागदावर चकलीसारखी गोल गोल रेघ काढायला लावतात. इसेन्शियल साधारण दोन्ही हातांना असतो, पुढे कुणाकुणाची मान 'नाही नाही' म्हटल्यासारखी हलते, आवाजही कापरा होतो. आत्यांच्या आईवडिलांपैकी कुणाला होतं का विचारा, पुष्कळ घरांत पिढीजात असतो.

चष्मिष्ट: आजोबांचे हात कापायचे! गावात लोक त्यांना दारू पितात म्हणायचे.

फिजिओताई: हे फार होतं. गंमत म्हणजे इसेन्शियलवाल्याने एखादा पेग घेतला तर थोडा वेळ हात खरंच स्थिर होतो, नंतर पुन्हा जोरात कापतो, आणि दारुड्याचा हात सकाळी न मिळाल्याने कापतो. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. (हा उपाय म्हणून सांगत नाहीये, कृपया!)

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडे 'कापरं भरलं' म्हंजे ताप नाहीतर भीती, येतं आन जातं. चळचळा, लटलट कापणं पण भीतीचंच. मान डुगडुगते, हात थरथरतो. गीतेत अर्जुनाचा 'वेपथु', म्हंजे अंगाचा कंप, आहे पहिल्या अध्यायात, तोपण तेवढ्यापुरताच. मंग 'क्रियाकंप' म्हना ना, काम करताना येतो म्हून.

मिरजकर: छान आहे पण पुरत नाही. थायरॉइड वाढला, जास्त कॉफी झाली, दम्याचा पंप ओढला, मनाच्या आजारावरची लिथियम किंवा फिटवरची व्हॅल्प्रोएटची गोळी चालू असली तरी हात काम करतानाच कापतो. क्रियाकंप ही खूण झाली, आजाराचं नाव नव्हे. 'स्वयंभू कंप' अर्थाला जास्त जवळ.

रिकामटेकडा: स्वयंभू म्हटलं की लोक नारळ फोडायला येतील.

फिजिओताई: 😄 मी पेशंटला 'हातांचा थरथरीचा आजार, कंपवात नव्हे' असंच सांगते, लांबलचक आहे पण कळतं. विळीचं म्हणाल तर बंदी नको, पण विळी-सुरी जपून, पाणी पेला अर्धाच भरून, चमचा जरा जड घ्या. आणि थरथर वाढत असेल, एकाच बाजूला असेल किंवा एकदम सुरू झाली असेल तर परत दाखवा. थरथर कमी करायला प्रोप्रानोलॉलची गोळी दिलीय का? दमा असेल तर ती गोळी सहसा देत नाहीत, डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

चष्मिष्ट: अरे बापरे, तीच लिहिलीय आणि आत्या थंडीत पंप ओढते, हे तिने सांगितलं होतं की नाही देव जाणे. अजून सुरू केली नाहीये, आधी क्लिनिकला फोन लावतो.