१९७८ च्या रिसीव्हरने नव्या साउंडबारची पार लाज काढली. पटतंय का?

सुई३३
परवा भाचा आला होता, सोबत नवा कोरा साउंडबार, चाळीस हजाराचा म्हणे. म्हटलं लाव बघू. लावला, फोनवरून गाणं सोडलं, खोली दणाणली, मान्य. मग मी आमचा रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात) चालू केला. काका बोटीवर होते, त्यांनी १९७८ ला जपानहून आणलेला, सोळा किलो वजन, पुढे अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा आणि व्हॉल्यूमचं बटण असं की गाणं नसलं तरी नुसतं फिरवत बसावं. १०० व्होल्टचा आहे म्हणून खाली स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, तो वेगळाच पाच किलोचा धोंडा. रेकॉर्ड लावली, सुई टेकवली आणि कार्टं मोबाईल बाजूला ठेवून गप्प बसलं की हो! गाणारी बाई मधोमध, तबला जरा उजवीकडे, सारंगी डावीकडे, अगदी बोट दाखवून सांगावं तसं.
माझं म्हणणं सरळ आहे. डिजिटल म्हणजे आवाजाचे तुकडे करून परत चिकटवणं, कितीही बारीक केले तरी तुकडेच. अ‍ॅनलॉग म्हणजे सलग धार. त्यात आता सगळं प्लास्टिकचं. ज्यांना पटत नाही त्यांनी घरी येऊन ऐकावं, चहा माझ्याकडून.

ओहमचा_नियम
काका, चहाला येतो पण ही मॅच फिक्स आहे. एका लांबड्या डब्यात कोंबलेले अडीच इंची स्पीकर आणि समोर दहा इंची वूफरवाली दोन कपाटं, यात १९७८ आणि आत्ताचा काय संबंध? आजच्याच चाळीस हजारात साधा अ‍ॅम्प्लिफायर आणि बऱ्यापैकी बुकशेल्फ स्पीकर घेऊन बसवा, मग बोलू.
आणि ते तुकड्यांचं प्लीज नको. सीडीत सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतात, त्यातून २२ किलोहर्ट्झपर्यंतची लहर जशीच्या तशी परत उभी राहते, पायऱ्या-बियऱ्या काही राहत नाहीत, ते चित्र फक्त जाहिरातीत असतं. माणसाचा कान तरुणपणी २० पर्यंत, पन्नाशीनंतर बारा-तेरा म्हणजे डोक्यावरून पाणी. (तुमचं वय विचारत नाही.) उलट तुमच्या "सलग" रेकॉर्डचं बघा, तबकडीत खाच कापतानाच बेस मुद्दाम दाबतात नाहीतर खाच शेजारच्या खाचेत घुसेल, आणि वरचे स्वर फुगवतात म्हणजे खरखर त्याखाली झाकली जाईल. मग तुमच्या रिसीव्हरचा फोनो भाग ते सगळं उलटं करत बसतो. १९५४ पासून हाच हिशोब चालू आहे. याला नैसर्गिक म्हणायचं?

बदलापूर_लोकल
😂 डोक्यावरून पाणी. पण एक, जुन्या वस्तूंवर वॅट तरी खरे लिहिलेले असायचे. अमेरिकेत १९७४ ला सरकारने नियमच केला की पॉवर सांगायची तर नीट सलग वाजवून मोजलेली सांगा, त्यामुळे त्या काळच्या जपानी रिसीव्हरवर ४० वॅट म्हणजे ४० वॅट. आणि आपल्याकडे नव्वदीत काय होतं आठवा, १००० वॅट पीएमपीओचं (म्हणजे क्षणभराचा, फुगवलेला आकडा) सोनेरी स्टिकर, मागे वायर बघावी तर मोबाईल चार्जरपेक्षा बारीक. आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीला असाच एक सेट लावला होता, आरतीच्या झांजांमध्ये गाणं चालू आहे की बंद तेच कळेना.

यमनकल्याण
मी शास्त्रीयवाली, माझ्याकडे दीडेकशे एलपी आहेत, त्यामुळे मला कोणी डिजिटलची एजंट म्हणू नये. पण रेकॉर्डबद्दल एक गोष्ट फारसं कोणी बोलत नाही. तबकडी फिरते एकाच वेगाने, मिनिटाला सव्वातेहतीस नाही, तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, पण सुई बाहेरच्या कडेला असते तेव्हा तिच्याखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ पोचली की जेमतेम २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. आता ख्यालाची मांडणी आठवा. आलाप, विलंबित, सगळं शांत काम बाहेरच्या मोकळ्या खाचेत, आणि द्रुत, तानांचा वर्षाव, तराणा येतो तो बरोबर शेवटच्या तीन-चार मिनिटांत, जिथे रेकॉर्ड सगळ्यात लंगडी! तार सप्तकातली आकाराची तान तिथे कशी फाटते ते ज्याने ऐकलंय त्याला माहीत आहे. सुई नवी असो की काही असो, थोडं तरी होतंच.
शिवाय एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. कितीतरी मोठ्या गवयांनी त्या मापात राग बसवला, कमाल केली, पण ती तडजोडच होती. सीडी आली आणि ७४ मिनिटं सलग मिळाली तेव्हा पहिल्यांदा घरात मैफलीसारखा राग ऐकला. मध्येच उठून बाजू बदलायची नाही हे सुख काय वर्णावं.
तरीही एलपीच लावते बरेचदा. का ते विचारू नका, कव्हर हातात घेऊन बसायला आवडतं इतकंच खरं कारण.

सुई३३
ताई, तानेचं मान्य, माझ्याकडे पण फाटते. मी समजत होतो सुई गेली, दोन हजार घातले नव्या सुईत 🙈
पण ओहमराव, सगळी मापं तुमच्या बाजूने असतील तर जगभर लोक परत रेकॉर्ड का घेतायत? टेक्निक्सने एसएल-१२०० हा रेकॉर्ड प्लेअर २०१० ला बंद केला होता, २०१६ ला परत काढावा लागला. सगळे वेडे?

ओहमचा_नियम
वेडे नाहीत, पण कानाने ऐकतायत असंही नाही. २०२२ चा किस्सा सांगतो. मोबाईल फिडेलिटी नावाची अमेरिकन कंपनी, शुद्ध अ‍ॅनलॉगवाल्यांची पंढरी, स्टुडिओतल्या मूळ मास्टर टेपवरून रेकॉर्ड काढतो म्हणायची, काही तर सव्वाशे डॉलरला एक. मग बाहेर आलं की कित्येक वर्षं मध्ये एक डिजिटल पायरी होती, टेप आधी डिजिटलमध्ये उतरवायची आणि त्यावरून रेकॉर्ड कापायची. कोर्टकचेऱ्या झाल्या, अडीच कोटी डॉलरवर मिटलं. गंमत काय, ज्यांनी "डिजिटल मला लगेच ओळखू येतं, डोकं दुखतं" असं आयुष्यभर लिहिलं त्यांनीच याच रेकॉर्डचे गोडवे गायले होते. एकाचंही डोकं दुखलं नाही.

सुई३३
मग कंपनी खोटारडी निघाली, रेकॉर्ड चांगलीच वाजत होती ना?

ओहमचा_नियम
अहो काका मी सकाळपासून तेच सांगतोय!!

म्हापसेकर_दुरुस्ती
मी गोव्यात असतो, रिपेरिंगचं काम, तीसेक वर्षं झाली. इथे तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) लोकांनी बोटीवरून आणलेले डेक, अ‍ॅम्प्लिफायर घराघरात आहेत, पाव आयुष्य त्यांच्या पोटात डोकं घालून गेलं. तुम्ही दोघं भांडताय ती वस्तू वेगवेगळी आहे. १९७८ चा सेट १९७८ ला जसा वाजायचा तसा आज वाजतच नाही. आतले कपॅसिटर सुकतात, एखादा डोक्यावर फुगतो, बेस मऊ पडतो, वरचा आवाज बोथट होतो आणि मालक म्हणतो काय गोड आवाज आहे, वॉर्म आहे. अरे वॉर्म नाही, आजारी आहे तो. आमच्याकडच्या दमट हवेत तर स्पीकरच्या कडेचा फोम दहा-पंधरा वर्षांत बोट लावलं की भुगा.
पण दुसरी बाजू पण सांगतो. तो भुगा झालेला फोम मी चारशे रुपयांची रिंग आणून दुपारभरात बदलतो आणि स्पीकर पुढची पंधरा वर्षं चालतो. भाच्याचा साउंडबार चार वर्षांनी माझ्याकडे येईल, मी उघडीन, एकच बोर्ड, नखाएवढी चिप, ना नंबर वाचता येतो ना पार्ट मिळतो. परत पाठवीन. परवाच एक गिऱ्हाईक कानातले वायरलेस घेऊन आलं, बॅटरी बदलून द्या म्हणे. उघडायलाच कापावं लागतं, त्यात काय बदलणार कपाळ.
आवाजाचं म्हणाल तर नवा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर जुन्यापेक्षा स्वच्छ असतो, हे मी स्वतः मीटर लावून बघतो. जुने स्पीकर मात्र मोठे असायचे, आता घरात जागाच नाही म्हणून लहान झाले, त्याला कंपनी तरी काय करणार.

बदलापूर_लोकल
आणि खोली! टाईल्स, काचेची खिडकी, उघड्या भिंती, त्यात पाच लाखाचा सेट लावला तरी बाथरूमच वाजणार. सतरंजी टाका आधी.

यमनकल्याण
अजून एक राहिलं, नव्या गाण्यांचं मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात. नव्वदीपासून सगळं दाबून दाबून सारखं मोठ्याने करून ठेवलंय, हळू काही उरलंच नाही. तेच गाणं रेकॉर्डवर पुष्कळदा वेगळ्या मास्टरवरून कापलेलं असतं म्हणून श्वास घेतं. श्रेय मिळतं सुईला.

सुई३३
बरं, काल केला प्रयोग. मुलाने नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला मित्राचा, स्पीकर माझेच, फाईलही तीच. मी पाठ करून बसलो, बायको वायर बदलत होती. दहापैकी सहा वेळा ओळखला.

ओहमचा_नियम
सहा म्हणजे नाणं उडवलं तरी येतात. आणि आवाज सारखा केला होता का मीटर लावून? अर्धा-एक डीबी जरी मोठा असला तरी तोच चांगला वाटतो.

सुई३३
परत करायला बसलो होतो. पण या खेपेला सातव्यांदा बायको म्हणाली, दोन्ही सारखेच वाजतायत, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या ते वेगळंच. तिथे प्रयोग संपला.
@म्हापसेकर, तुमचं वाचून जाळी काढून बघितली. डाव्या वूफरचा फोम एका बाजूने सुटलाय. वर्षभर मी त्यालाच भरदार बेस म्हणत होतो. पुण्यात रिंग मिळेल का?

म्हापसेकर_दुरुस्ती
तपकीर गल्लीत विचारा. फक्त आधी माप घ्या, स्क्रूपासून स्क्रूपर्यंत नको, स्पीकरचा कोन (आतला शंकू) जिथे संपतो तिथलं घ्या. आणि फेव्हिक्विक लावू नका हो, मागच्या महिन्यात एकाने लावून आणलाय.