शब्दचर्चा: टॉर्नेडोला मराठीत काय म्हणावं?

माळरान:
शाळकरी मुलांसाठी एका निसर्गपाठाचा अनुवाद करते आहे. विषय अमेरिकेतले टॉर्नेडो आणि जंगलावर होणारा त्यांचा परिणाम. बातम्यांत सरसकट 'चक्रीवादळ' लिहितात, काही जण 'वावटळ' किंवा 'झंझावात' सुचवतात. एक वाक्य फार अडतंय: टॉर्नेडो गेल्यावर जंगलात मोकळा पट्टा उरतो आणि तिथे नवी झाडं रुजतात. इथे कोणता शब्द घ्यावा?

अक्षरवेल:
'चक्रीवादळ' घेऊ नका, त्याने तुमचं वाक्यच खोटं ठरेल. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं, दिवसेंदिवस टिकतं. ३ जून २०२०च्या 'निसर्ग'ने श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा नुकसान तालुकेच्या तालुके पसरलं होतं. टॉर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीला टेकतो आणि बहुतेकदा काही मिनिटांत विरतो. त्याच्या वाटेतलं झाड मुळासकट जातं, थोड्या अंतरावरचं जागचं हलत नाही. म्हणून तर 'पट्टा' उरतो.

'वावटळ' जवळचा वाटतो, पण ती खालून वर उठते. चैत्र-वैशाखात विदर्भ-मराठवाड्यात तापलेल्या रानात निरभ्र आभाळाखाली जी धूळ-पाचोळा गरगरत नेते, ती वावटळ. तिला ढग लागत नाही. 'झंझावात' म्हणजे पावसासह सुटलेला सोसाट्याचा वारा, त्यात गरगरणं नाही. शिवाय पुढाऱ्यांच्या 'झंझावाती दौऱ्यां'नी तो शब्द पार गुळगुळीत केलाय.

दर्यावर्दी:
'चक्रवात' कसा वाटतो? भागवताच्या दहाव्या स्कंधात तृणावर्त दैत्य चक्रवाताच्या रूपानेच बाळकृष्णाला उचलून नेतो. उचलून नेणारा फिरता वारा, वर्णन अगदी चपखल आहे.

अक्षरवेल:
चपखल आहे, पटलं. पण हिंदीत 'चक्रवात' समुद्री वादळासाठी रूढ झालाय आणि आपल्याकडची मुलं हिंदी बातम्याही ऐकतात. पुन्हा तोच घोळ होईल.

माळरान:
मग 'टॉर्नेडो'च ठेवते. पण मुलांना पट्टा डोळ्यांसमोर दिसेल असं खरं उदाहरण हवंय.

अक्षरवेल:
२१ जुलै १९८७, अमेरिकेतलं वायोमिंग राज्य. टेटनच्या निर्जन अरण्यातून एक टॉर्नेडो यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिरला. वाट सुमारे ३९ किलोमीटर लांब, रुंदी काही ठिकाणी अडीच किलोमीटरपर्यंत. इतका रुंद टॉर्नेडो क्वचितच होतो. सुमारे दहा लाख झाडं आडवी झाली. टॉर्नेडोची तीव्रता मोजायची श्रेणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या तेत्सुया फुजिता यांनी विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून त्याचा अभ्यास केला. पडलेली खोडं कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, यावरून वारा कुठे कसा फिरला ते कळतं.

आता तुमच्या वाक्याचा दुसरा भाग. झाड उन्मळतं तेव्हा मुळांबरोबर मातीचं मोठं ढेकूळ वर येतं. खाली खळगा, शेजारी उंचवटा. खळग्यात पाणी साचतं, उघड्या मातीत हलकं बी रुजतं आणि वरचं छत्र गेल्यामुळे ऊन थेट जमिनीवर पोहोचतं. कुजत्या लाकडात किडे येतात, किड्यांमागे सुतारपक्षी. म्हणून अशा जागेला 'उद्ध्वस्त जंगल' म्हणताना मी थांबते. 'आडवं झालेलं जंगल' मला जास्त खरं वाटतं. पण नुसतं गोड चित्रही रंगवू नका. पडलेलं लाकूड वाळलं की वणव्याचं सरपण होतं. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, यलोस्टोन परिसरात भीषण वणवे पेटले आणि या पट्ट्याचाही काही भाग जळाला. मोकळ्या जागेत परकं तणही शिरतं.

मातीचं आणखी एक रूप आहे. २२ मे २०११ रोजी मिसूरीतल्या जॉप्लिन शहराला टॉर्नेडोने झोडपलं, तेव्हा माती आणि राडारोडा जखमांत घुसून १३ जणांना दुर्मीळ बुरशीचा संसर्ग झाला, त्यातले पाच दगावले. लहान मुलांच्या पाठात हे नको, शिक्षकांच्या टिपणात जरूर द्या.

दर्यावर्दी:
'अमेरिकेतले टॉर्नेडो' वाचून ते तिथेच होतात असं मुलांना वाटायला नको. २६ एप्रिल १९८९ला बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात झालेल्या टॉर्नेडोत सुमारे १,३०० माणसं गेली. जगात एका टॉर्नेडोने घेतलेले हे सर्वाधिक बळी. ओडिशातही होतात, ३१ मार्च २००९ला केंद्रपाडा जिल्ह्यात राजकनिका इथे झाला होता. तिकडचे लोक ढगातून लोंबणाऱ्या त्या नळीला हत्तीच्या सोंडेचं नाव देतात. 'सोंड' आपल्यालाही घेता येईल की!

अक्षरवेल:
घ्यायलाच हवा! 'ढगाची सोंड' हे मुलांना न समजावता कळेल. फक्त ते त्या नळीपुरतं ठेवा, अख्ख्या वादळाचं नाव म्हणून नको.

माळरान:
दोघांचे मनापासून आभार. वाक्य असं केलंय: 'ढगाची सोंड जमिनीला टेकली की टॉर्नेडो झाला. तो जंगलातून गेला की झाडं आडवी होऊन मोकळा पट्टा उरतो; उघड्या मातीत, उन्हात तिथे नवी झाडं रुजतात.' पाठाच्या शेवटी वावटळ आणि चक्रीवादळ यांच्याशी असलेला फरक दोन ओळींत देते.