मदत हवी आहे : दूरस्थ एमबीए (मनुष्यबळ) आणि कल्याण अधिकारीपद

सप्रेम नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून चाकणच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये सहा वर्षे हजेरी, ओव्हरटाइम आणि भविष्य निर्वाह निधीचे काम पाहतो. पाळ्यांच्या नोकरीमुळे नियमित महाविद्यालय शक्य नसल्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून मनुष्यबळ व्यवस्थापनात एमबीए करण्याचा विचार आहे.

मुक्त व दूरस्थ पद्धतीने मिळवलेली मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीशी समतुल्य असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे पदवीच्या वैधतेविषयी मला शंका नाही. माझी अडचण वेगळी आहे : मला पुढे कारखान्यात कल्याण अधिकारी (कामगारांच्या हिताची व सोयींची काळजी घेणारा अधिकारी) व्हायचे आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४९ ने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा २५० वर आला आहे, म्हणजे अशी पदे वाढावीत. मात्र या पदासाठी शासनमान्य विशिष्ट पात्रता लागते आणि केवळ ‘एमबीए’ म्हटल्याने ती आपोआप पूर्ण होत नाही. (आमच्या व्यवस्थापकांच्या मते ‘पदवी म्हणजे पदवी’, मला ते पटत नाही.)

दूरस्थ एमबीएच्या आधारे महाराष्ट्रात कल्याण अधिकारी म्हणून कोणाची नेमणूक झाली आहे का, की त्याऐवजी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी किंवा कामगार कायद्यांची पदविका घेणे श्रेयस्कर ठरेल? तसेच रात्रपाळी सांभाळून स्वाध्याय वेळेत कसे पूर्ण केलेत, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.