पांढऱ्या कोळशाच्या प्लांटला पाचट पुरंल का? खरा हिशोब कसा धरायचा

वाळवेकर_०७:
मंडळी, आम्ही तिघं मिळून पांढऱ्या कोळशाचा, म्हणजे उसाचं पाचट (वाळलेली पानं) दाबून जळणाच्या कांड्या करायचा, छोटा प्लांट टाकायच्या विचारात आहे. एजंट येऊन हिशोब मांडून गेला, हेक्टरी ८-१० टन पाचट गुणिले तालुक्यातला सगळा ऊस, म्हणे माल संपता संपायचा नाही. पण आमच्या भावकीतच निम्म्यांनी कुट्टी करून सरीत ठेवलंय, मग हा माल येणार कुठनं?

कराडकर_भाऊ:
एजंटनं निघतं किती ते सांगितलं, उचलता येतं किती ते नाही. टनभर पाचटात ५ किलोच्या आसपास नत्र, पालाश त्याहून जास्त, वर सेंद्रिय कर्ब. ते नेलं की तेवढं खत पोत्यानं आणायचं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट न् १ किलो कुजवणारे जिवाणू टाकून पाचट रानातच कुजवणारा माणूस तुला पाचट कशाला देईल? खोडव्याचं (तोडणीनंतर त्याच बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाचं) रान आधीच वजा कर. जो काडी लावतो त्याचंच पाचट तुझं.

माणदेशी_गडी:
आणि आमच्या कडब्याकडं बघू नका बरं का 😀 शाळूचा कडबा जाळायला मागितला तर आमची म्हातारी दांडकं घेऊन मागं लागंल. सोयाबीनचं भुस्काट विचारून बघा, मळणी झाली की ढीग बांधालाच पडून असतो.

मिरज_बॉयलरवाला:
पाचट लई हलकं, ट्रॉली शिगोशीग भरली तरी काट्यावर वजन दिसत नाही, भाड्यातच मेलो आम्ही पहिल्या वर्षी. गठ्ठे बांधायचं मशीन येईपर्यंत शेतकरी थांबत नाही, त्याला रान मोकळं पाहिजे. माल येणार गाळपाच्या चार-पाच महिन्यात न् प्लांट चालवायचा बारमाही, म्हणजे साठा झाकायला शेड आलंच, भिजलं की कांडी फुटते. राखेत पालाश जास्त त्यामुळं भट्टीत खडे धरतात, गिऱ्हाईक बोंबलतं. आणि हिशोब चांगल्या सालाचा धरू नको, २०१९ च्या पुरात नदीकाठचा ऊस किती दिवस पाण्यात होता आठव.

वाळवेकर_०७:
रविवारी शिवारात ४० जणांना विचारत फिरलो. २२ जण कुट्टी करतात, ७ जण गोठ्यात न् भाजीच्या वाफ्यावर आच्छादनाला वापरतात, पेटवणारे ११. त्यातल्या चौघांच्या रानात ट्रॅक्टर जायला वाटच नाही. एजंटचा सकाळपासनं तीनदा फोन आला, अजून उचलला नाही.