शब्दचर्चा : ‘कायमचा’ परवाना आणि परत न घेता येणारा परवाना

फासेवाली, लातूर :
आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, भूमिका घेऊन खेळायचा साहसकथांचा खेळ खेळतो. बोलणं मराठीत आणि नियम इंग्रजीत, ही ओढाताण नको म्हणून मी नियमांची छोटी मराठी पुस्तिका करायला घेतली आहे. नियमांचा गाभा, ज्याला खेळणारे एसआरडी म्हणतात, त्याची ५.१ ही आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय ४.०’ या सर्वांना वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुली आहे. भाषांतर करा, वाटा, विका. मूळ कर्त्याचं नाव, परवान्याचा दुवा आणि बदल केल्याची नोंद द्या, की झालं.

‘इनिशिएटिव्ह’ला पाळी, ‘सेव्हिंग थ्रो’ला बचावाचा फासा, हे खेळता खेळता आपोआप ठरलं. अडलं ते शेवटच्या पानावर. हे नियम आधी ज्या परवान्याखाली खुले होते, त्या जुन्या ओपन गेम लायसन्समध्ये, म्हणजे ओजीएलमध्ये, ‘पर्पेच्युअल’, म्हणजे मुदत नसलेला, असा शब्द होता. सीसी बायमध्ये ‘इरिव्होकेबल’, म्हणजे परत न घेता येणारा, असा आहे. मी दोन्हींना ‘कायमचा’ लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्यांदा वाचताना पोटात गोळा आला. २०२३ च्या जानेवारीतलं सगळं भांडण याच दोन शब्दांमधल्या फटीतून आत शिरलं होतं.

शासकीय मराठीत ‘अप्रतिसंहरणीय’ आहे. आमच्या गटातला बारावीचा मुलगा तो वाचताना तीनदा अडखळला. दुसरा शब्द सुचवा.

पेन्सिलवाला, परभणी :
ताई, कायमचं दिलं म्हणजे परत घेता येत नाही, हे त्यातच आलं ना? फरक कामून करायचा?

फासेवाली, लातूर :
दादा, मलाही आधी तसंच वाटायचं. ‘कायमचा’ म्हणजे त्याला मुदत नाही. पण मुदत नसलेली गोष्टही देणारा मधेच थांबवू शकतो का, याचं उत्तर त्या शब्दात नाही. हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने ओजीएल २००० साली आणलं. त्याच्या भरवशावर किती जणांनी साहसकथा, राक्षसांची पुस्तकं, अख्खे खेळ उभे केले. पायझो या दुसऱ्या कंपनीचा पाथफाइंडर हा खेळ २००९ मध्ये त्यातूनच आला. २०२३ मध्ये ओजीएलच्या नव्या मसुद्याची बातमी फुटली. जुना परवाना यापुढे ‘ऑथराइज्ड’ नाही, असं त्यात होतं, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या पुढे कमावणाऱ्यांकडून हिस्सा मागितला होता. जुन्या मजकुरात कोणतीही ‘ऑथराइज्ड’ आवृत्ती वापरा असं म्हटलं होतं, त्या एका विशेषणावर बोट ठेवलं गेलं.

मराठीत तर हा घोळ आणखी वाढतो. ‘अधिकृत’ म्हटलं की सरकारी शिक्क्याचा, खरा, असा अर्थ मनात येतो. इथे ‘मंजूर’ हवा. मंजूर असलेलं नामंजूर करता येतं, हे कुणालाही लगेच कळतं.

वकीलकाका, नांदेड :
मुळात ‘लायसन्स’ या कल्पनेच्या पोटातच परत घेणं आहे. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. त्याच्या कलम ६० प्रमाणे जागा वापरायला दिलेलं लायसन्स देणारा मागे घेऊ शकतो. अपवाद दोनच. एक, त्याबरोबर मालमत्तेचं हस्तांतरण झालेलं असेल तर. दुसरा, घेणाऱ्याने त्या लायसन्सवर विसंबून पदरचा खर्च करून पक्कं बांधकाम केलं असेल तर. हा कायदा जमिनीचा आहे, पुस्तकांना लागू नाही. पण शब्दाचा स्वभाव यावरून कळतो.

तसबीर, छत्रपती संभाजीनगर :
‘परवाना’ही फारसीतून आला आहे, आणि त्यामागे वरून आलेल्या लेखी हुकुमाचा वास आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या भागात तो वास जरा जास्तच येतो. हुकूम देणारा वर, घेणारा खाली.

शिवार, जालना :
मग ‘गायरान’ घ्या. गावाचं, सगळ्यांच्या गुरांना मोकळं. खुल्या मजकुराला ‘गायरान’ आणि राखून ठेवलेल्याला ‘मालकीचं रान’. ओजीएलमध्येही अशीच वाटणी होती: नियम खुले, पण बिहोल्डर, माइंड फ्लेअर अशी ठरावीक प्राणिमंडळी ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’ म्हणून राखीव.

मोंढा, बीड :
दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा शब्द इथे नको. माझ्या आजोबांनी दगड वेचून गायरानाचा एक तुकडा कसायला घेतला. वडिलांनी तो कसला, मीही कसला. मग एक दिवस दाराला नोटीस लागली, तीत आमच्या तीन पिढ्यांना एकच शब्द होता: ‘अतिक्रमण’. गायरान सगळ्यांचं दिसतं, पण कागदावर ते आपलं नसतं. ताईंना हवी आहे ती गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. गायरान म्हणायचंच तर जुन्या ओजीएलला म्हणा. तेवीस वर्षं लोकांनी त्यावर पिकं काढली आणि मग कुणीतरी कागद काढून दाखवला.

शिवार, जालना :
मोंढादादा, पटलं. सुचवणी मागे घेतो.

वकीलकाका, नांदेड :
‘बक्षीसपत्र’ही मनात आलं होतं, ते सहसा मोडता येत नाही. पण त्यात मालकी जाते. इथे मालकी विझार्ड्सकडेच राहते, फक्त वापरू देण्याचं वचन मागे घेता येत नाही. आणि ‘वहिवाट’ वर्षानुवर्षांच्या वापराने मिळते, कुणी उठून देत नाही.

पेन्सिलवाला, परभणी :
पण मग त्यांनी परत घेतलं का शेवटी?

फासेवाली, लातूर :
नाही. खेळणाऱ्यांनीच घेऊ दिलं नाही. लोकांनी कंपनीच्या साइटची वर्गणी बंद केली, मतं कळवली, आणि २७ जानेवारी २०२३ ला जुना परवाना तसाच राहील असं जाहीर झालं. शिवाय एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आली. पायझोने इतरांना सोबत घेऊन त्याच वर्षी ‘ओआरसी’ हा वेगळा परवाना काढला. मला यातलं सगळ्यात मोठं हे वाटतं की कागदातली फट टेबलाभोवती बसणाऱ्या माणसांनी बुजवली.

आता शब्द. काल भाजी निवडताना मी आईला संदर्भ न सांगता विचारलं, “कुणाला आपली विहीर वापरायला दिली, विहीर आपलीच, पण पुन्हा कधीच नाही म्हणायचं नाही. तर काय म्हणशील?” तिने मेथीच्या जुडीवरून मानही वर केली नाही. “पानी दिऊन टाकलं म्हनंल की.”

देणं वेगळं आणि देऊन टाकणं वेगळं! ‘टाकणे’ लागलं की परतीची वाट बंद होते. विशेषण शोधत बसले होते आणि उत्तर क्रियापदात निघालं.

मोंढा, बीड :
ताई, हे बरोबर आहे. हे माझ्या वडिलांनाही वाचून दाखवता येईल.

वकीलकाका, नांदेड :
एक अट मात्र लिहा. नाव-उल्लेख चुकला तर त्या माणसाचा हक्क थांबतो. चूक कळल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केली तर आपोआप परत लागू होतो. ‘देऊन टाकला’ म्हणजे बिनशर्त, असं कुणी समजू नये.

फासेवाली, लातूर :
लिहिते, काका. आत्ताचा मसुदा असा: “या नियमांचा मूळ मजकूर वापरण्याचा हक्क मूळ कर्त्यांनी सर्वांना देऊन टाकला आहे. तो त्यांना परत घेता येत नाही. उल्लेखाची अट मात्र प्रत्येकाने पाळायची आहे.” ‘परवाना’ फक्त त्याच्या नावापुरता ठेवला.

‘मूळ कर्त्यांनी’ ठेवू की सरळ कंपनीचं नाव लिहू?