मर्सी बेटावरचं रोमन टेकाड आणि आपलं अस्थी सावडणं

कोथरूडकर_ताई
नमस्कार. लेक इंग्लंडात कोल्चेस्टरला असते, तिच्याकडे दोन महिने राहून नुकतीच पुण्याला परतले. तिथून जवळच मर्सी नावाचं बेट आहे. त्यावर रोमन काळातलं एक मातीचं टेकाड आहे, दोन मजली घराएवढं उंच. १९१२ मध्ये ते खणलं तेव्हा आत रोमन विटांची छोटी कोठडी निघाली. कोठडीत शिशाची पेटी, पेटीत हिरवट काचेचं भांडं आणि भांड्यात जळालेली माणसाची हाडं.

हे ऐकलं आणि पाय तिथेच थबकले. गेल्या वर्षी बाबा गेले. तिसऱ्या दिवशी भाऊ वैकुंठ स्मशानभूमीत अस्थी सावडायला निघाला, तेव्हा मीही हट्टाने गेले. दूध शिंपडलं, राख चाळली. एक मणका हातात आला. खडूसारखा पांढरा आणि इतका हलका, की बोटं मिटायची भीती वाटली. संध्याकाळपर्यंत सगळं आळंदीला इंद्रायणीत सोडलं.

त्या लोकांनी सोडलं नाही, जपून ठेवलं. असं का? आणि एवढ्या राखेतून माणूस कोण होता हे कळतं तरी कसं?

खापरवेडा
ताई, तुमच्या हातात आलेल्या मणक्याचा पांढरा रंग हाच पहिला पुरावा. हाड नीट जळालं की पांढरं होतं, आच कमी पडली तर काळं किंवा निळसर राखाडी राहतं. त्यावरून चितेला लाकूड किती पुरलं, कोणता भाग कडेला राहिला, हे सांगता येतं. वजनही बोलतं. प्रौढ माणसाच्या दहनानंतर साधारण १ ते २.४ किलो हाडं उरतात. रोमन भांड्यांत पुष्कळदा त्याहून बरीच कमी सापडतात, म्हणजे वेचणाऱ्यांनी सगळं उचललेलं नसतं.

मर्सीच्या हाडांची शंभर वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. तो प्रौढ पुरुष होता आणि अस्थींवर फ्रँकिन्सेन्सचा अंश मिळाला. हा अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेकडचा सुगंधी डिंक, आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या जातकुळीतला. तो ब्रिटनच्या त्या टोकाला पोचवायला काय खर्च आला असेल! मला त्या टेकाडाच्या मातीपेक्षा हा डिंकच जास्त बोलका वाटतो.

जपून ठेवण्याचं म्हणाल, तर बारा पाट्यांच्या जुन्या रोमन कायद्यात शहराच्या आत पुरायला आणि जाळायला मनाई होती. म्हणून थडगी रस्त्याच्या कडेला, वेशीबाहेर. पण नातं तुटत नसे. अस्थी वेचून त्यांवर दारू नि दूध शिंपडत, नवव्या दिवशी थडग्यापाशी जेवण होई, आणि दरवर्षी १३ ते २१ फेब्रुवारीला पितरांचा सण. वेल्समधल्या कार्लिऑनला तर अस्थींच्या शिशाच्या डब्याला जोडलेली नळी जमिनीवर आणलेली सापडली. वरून ओतलेलं पेय खाली मृताला मिळावं म्हणून! जागा ठरलेली असल्याशिवाय हे करता आलं नसतं.

शिरूरकर
आमच्या तालुक्यातलं इनामगाव घ्या, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. ही वस्ती रोमनांच्या कितीतरी आधीची. तिथे लेकरं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यात त्यांना घराच्याच जमिनीखाली पुरत. रोमनांनी वेशीबाहेर काढलं, इथल्या आईने पायाखाली ठेवलं. आजोबा तिथे पाट्या उचलायला जायचे. ते म्हणत, मडकं उघडताना कुणी बोलत नसे.

कोथरूडकर_ताई
दोघांचेही मनापासून आभार. नवव्या दिवसाचं जेवण वाचून आमच्या तेराव्याची पंगत डोळ्यांसमोर आली. बाबांना आवडायची म्हणून मी पुरणपोळी केली होती.

खापरवेडा, एक सांगाल? चिता थंड झाल्यावर ही वेचणी घरातलं कोण करायचं? आमच्या घरात मी पहिलीच बाई होते गेलेली.

खापरवेडा
ताई, घरचीच जवळची माणसं, आणि बायकाही. टिबुलस नावाच्या रोमन कवीने आपल्या मरणाची कल्पना करताना लिहिलंय, की आपल्या जळालेल्या अस्थी शोकाकुल पदरात वेचायला आई इथे नाही. म्हणजे तिथे हे काम आईही करत असे.